काळ्या कुत्र्याला शनिवारची पोळी

आमचा कुत्रा 'अहो' म्हटलं की यायचा. हे वाक्य मी वारज्यातल्या निम्म्या लोकांना समजावून सांगितलं असेन. पटलं एकालाही नाही.

यात त्याची काही चूक नव्हती. यांनी त्याला एका बांधकामाच्या वाळूच्या ढिगाऱ्यावरून पिल्लू असताना उचलून आणलं, भारदस्त नाव ठेवलं, आणि त्या नावानं हाक फक्त हेच मारायचे. मला तो घरात नकोच होता, त्यामुळे मी त्याच्याशी बोलतच नसे. मी हाका मारायची यांना. अहो, चहा झालाय. अहो, पाणी जाईल आता. प्रत्येक हाकेला हे उठायचे आणि यांच्यामागे शेपूट हलवत तो. पुढे पुढे हे ऐकू न आल्याचं सोंग करायला लागले आणि तो एकटाच यायचा. त्याची पक्की समजूत झाली, अहो म्हणजे आपणच.

हे गेले आणि तो पलंगाखाली जाऊन बसला. मी त्याच्या नावानं हाका मारल्या, तर ढिम्म. शेवटी रडकुंडीला येऊन म्हटलं, "अहो, या ना बाहेर." आला! त्यानंतर त्या हाकेला ओ देणारं घरात तेवढं एकच माणूस राहिलं. माणूसच म्हणतेय मी, कुणाला खटकत असेल तर खटकू दे.

घरात ठीक होतं, पण फिरायला नेलं की फजिती. एकदा तो एका कुंपणाशी हुंगत रेंगाळला. मी म्हटलं, "अहो, पुरे झालं हुंगणं. चला आता." त्याच कुंपणावरून तोडलेलं दुसऱ्याचं फूल नाकाशी धरून एक गृहस्थ उभे होते. ते गोरेमोरे झाले. "आपण कोण सांगणार?" म्हणाले. मी म्हटलं, "तुम्हाला नाही हो, कुत्र्याला म्हटलं." संध्याकाळपर्यंत सोसायटीत झालं की बाईंनी एका सभ्य माणसाला कुत्रा म्हटलं. चोरलेल्या फुलाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या एका शहाणीनं विश्रांतवाडीला माझ्या मुलीला फोन करून कळवलं की तुझी आई रस्त्यानं बाबांशी बोलत चालते, बघ बाई काय ते. मुलगी धावत आली. मी सगळं सांगितलं, तर माझा हात हातात घेऊन म्हणाली, "आई, कुणाशी तरी बोलून घेऊ या का आपण?" म्हणजे डॉक्टरशी. मी म्हटलं, मी बोलतेच आहे की, त्याचाच तर त्रास होतोय ना तुम्हाला! तिला रडू आलं. मलाही आलं, पण ती गेल्यावर.

आणि तो काळा होता, नखशिखान्त. आमच्या रस्त्याला मारुतीचं देऊळ आहे. शनिवारी तिथं तेल वाहायला रांग लागते, आणि ज्यांना ज्योतिष्यानं सांगितलेलं असतं ते डब्यात तेल लावलेली पोळी घेऊन काळा कुत्रा शोधत हिंडतात. कुणाची साडेसाती, कुणाचं लग्न अडलेलं. आमचा आयताच सापडायचा, आणि तो काय, अधाशी! हे होते तोवर हसून चालायचं. पण मग त्याच्या किडन्या बिघडल्या. डॉक्टरांनी तेल, मीठ, बाहेरचं सगळं बंद केलं. म्हणाले, पथ्य पाळलंत तर राहील. मी पथ्याला जिवापाड जपलं. तो गेला तर मी त्या घरात कुणाला काय म्हणून हाक मारणार होते?

त्यामुळे शनिवारी माझी भांडणं सुरू झाली. "तुमचा शनी तुमच्या पत्रिकेत ठेवा, माझ्या कुत्र्याच्या पोटात कशाला घालता?" असं मी एका बाईंना भर रस्त्यात म्हटलंय. त्यांच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मुक्या प्राण्याच्या तोंडचा घास काढता, बघून घेईल तो वरचा." शेवटी मी त्याच्या पट्ट्याला पुठ्ठा बांधला: 'हा कुत्रा आजारी आहे. शनिवारसकट कोणत्याही वारी काहीही खायला घालू नये.' लोक थांबून वाचायचे, हसायचे, पण घालायचे नाहीत. मग हळूहळू आम्हाला बघूनच रस्ता ओलांडायला लागले. मला बरं वाटलं.

आणि मग त्यानं खाणंच सोडलं. भात नको, दूध नको. डॉक्टरांनी तपासून पट्टा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, आता पथ्य राहू दे. काय खाईल ते द्या. खाल्लं तर आणखी थोडे दिवस, नाही तर आशा नाही.

घरात जन्मात अंडं आलं नव्हतं. मी त्याला घेऊन चिकनच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिले. कसं मागतात तेही माहीत नाही. तेवढ्यात शेजारच्या वहिनी रिक्षातून उतरल्या, माझ्याकडे बघितलं, आणि असं काही गोड हसल्या की मला कळलं, आज हिनं मनातल्या मनात मला घरी तंगड्या चघळताना बघितलं. "कुत्र्यासाठी हो," मी म्हटलं. "असू दे हो," त्या म्हणाल्या, "आता कुणाची आडकाठी आहे तुम्हाला?" तोंडात मारल्यासारखं झालं. मी ते घरी नेऊन नाक दाबून शिजवलं. त्यानं बघितलंसुद्धा नाही.

मग मला त्या पोळ्या आठवल्या. त्याला त्या केवढ्या आवडायच्या! मी घरी तेल लावून केली, तर हुंगून तोंड फिरवलं. म्हटलं, रस्त्यावरची खाईल. परक्याच्या हातची खाईल. शनिवारी मी पुठ्ठा काढून टाकला आणि त्याला धरत धरत देवळाशी नेलं. पाय थरथरत होते त्याचे. लोक येत होते, आम्हाला बघत होते आणि पलीकडे जात होते. एक तरुण डबा घेऊन अगदी जवळून निघाला. मी म्हटलं, "घाला हो, घाला पोळी. घाला ना." आता पुण्यात हे वाक्य सरळ कोण घेणार? त्यातून माझ्या तोंडून! "चुकलो काकू, परत नाही," असं म्हणून तो जवळजवळ पळालाच. मी मागून ओरडत राहिले, "अहो, खरंच घाला!" आमच्यानं मात्र त्या हाकेला मान वर केली, बिचाऱ्यानं.

शेवटी एक बाई आल्या. नऊवारी, हातात स्टीलचा डबा. इकडच्या नसाव्यात, कारण मला ओळखत नव्हत्या. "ह्यो समदा काळाच हाय न्हवं?" त्यांनी विचारलं. "मालक दवाखान्यात हायती माजे. समदा काळाच पायजे म्हणलेत जोतिषी."

"काळाच आहे," मी म्हटलं.

"तोंड पांढरं दिसतंय की."

"ते वयानं झालंय. जन्माचा काळाच आहे हो. घाला तुम्ही."

त्या रस्त्यातच बसल्या आणि पोळीचा तुकडा त्याच्या तोंडाशी धरला. त्यानं हुंगला. त्यानं मान बाजूला केली. "घे की रं बाबा," त्या म्हणाल्या, "माज्या मालकासाठी घे." मी पण गुडघे मोडून खाली बसले आणि त्याची हनुवटी धरली. "अहो, एवढा एक घास घ्या. माझ्यासाठी घ्या." येणारे जाणारे बघत होते, बघू देत. आम्ही दोघी आळीपाळीनं विनवत होतो. त्यानं तुकडा तोंडात घेतला, माझं मन मोडू नये म्हणूनच बहुतेक, आणि तसाच खाली सोडला.

त्यांनी खाली पडलेला तुकडा उचलला. मग म्हणाल्या, "न्हाई घेत म्हंजी काय समजायचं?"

"तुम्ही काही समजू नका. तो आजारी आहे."

त्यांनी उरलेली पोळी डब्यात ठेवली, पदरानं डोळे पुसले आणि उठल्या. "हितं दुसरा काळा हाय का वं कुणाचा?"

भाजीवाल्यांच्या मागे एक असतो. मी हात करून वाट दाखवली, त्या घाईघाईनं गेल्या. त्यांचा मला हेवा वाटला. त्यांना कुठलाही काळा चालणार होता. मी तिथंच रस्त्यावर बसून राहिले, कारण त्याला उठवत नव्हतं आणि मला तो उचलवत नव्हता.