चाटणाचं मीठ

मिठाच्या पोत्याखाली पाणी कोणी ओतत नाही. पोतं नुसतं कोपऱ्यात उभं असलं, तरी खाली ओल साचतेच. किस्स्यांचंही तसंच असतं. मी काही ते जमवायला गेलो नव्हतो. जुन्नरच्या पेठेत आमचं मिठाचं दुकान आणि दुकानाला ऐसपैस ओटा. येणारा माणूस मीठ घ्यायचा आणि जाताना ओट्यावर एखादा किस्सा सांडून जायचा. आता तुम्ही विषय काढलाच आहे, तर ऐका.

आधी आमची पंचाईत सांगतो. आम्ही जैन. आजोबा मारवाडातून आले, तेव्हापासून इथलेच. घरात मुंगी दिसली तरी फुंकर घालून बाजूला करायची, असा आमचा रिवाज. आणि ओट्यावर बसणारे कोण? तर सगळे शिकारी!

याला कारण मीठच. सांबर आणि भेकर यांना मिठाची भारी ओढ. रानात कुठं खारवट माती लागली, की ती चाटायला तिथं रोज फेरी. त्या जागेला म्हणतात चाटण. जिथं असं चाटण नसेल, तिथं काही शिकारी आपणच मीठ पुरून नवं तयार करत आणि जवळ दबा धरून बसत. ते मीठ जायचं आमच्या दुकानातून. म्हणजे सांबर मरायचं घाटात, आणि पापाचा वाटा यायचा पेठेत!

*

या मिठावरून ओट्यावर मुख्य दोन पक्ष होते. एका बाजूला सुभेदार. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले, मिशा अजून ड्युटीवर! ते म्हणायचे, "शत्रूच्या मागं धावू नये. त्याची रसद ओळखावी आणि तिथं जाऊन बसावं. मीठ म्हणजे रसद!"

दुसऱ्या बाजूला बोरी बुद्रुकचे रावजी पाटील. बागाईतदार, आवाज विहिरीतून आल्यासारखा. दिवसभर माग काढत फिरायचं, समोरासमोर गाठ पडली तरच बंदूक उचलायची, अशी त्यांची रीत. बहुतेक वेळा हात हलवत परत यायचे, पण रीत सोडली नाही.

एका बाजाराच्या दिवशी रावजी भडकले. "सुभेदार, जेवायला बोलवायचं, अन् पाटावर बसला की डोक्यात दांडकं घालायचं? आमच्या बोरीत असं कुनी केलं तर सोयरिकी मोडत्यात!"

सुभेदार म्हणाले, "मला काय सांबराशी सोयरीक करायचीय?"

"माझ्याशी तर करायचीय ना!"

आणि खरंच, सुभेदारांच्या मुलासाठी रावजींच्या पुतणीची बोलणी चालली होती. झालं, बोलणी अडली. मध्यस्थांनी चपला झिजवल्या. शेवटी पुढच्या मोसमात लग्न लागलं एकदाचं. पंगत बसली, पानं वाढली, सुभेदार हात जोडून म्हणाले, "व्याही, बसा."

रावजी उभेच. मांडवभर नजर फिरवली आणि म्हणाले, "आधी बंदूक कुठं ठिवलीय ते सांगा!"

*

तिसरा पक्ष तात्या वैद्यांचा. या माणसानं बंदूक कधी हातात धरली नाही, पण सल्ला द्यायला सगळ्यात पुढं! त्यांची थिअरी अशी, की नुसतं मीठ म्हणजे अडाणीपणा. सांबराला दर साली नवी शिंगं येतात, ती काय हवेतून येतात? त्याला पाहिजे शंखभस्म. रक्ताला लोहभस्म. रानातला पाला खाऊन पोटात वायू धरतो, त्यावर पादेलोण आणि ओवा.

"तात्या, सांबराची नाडी कधी बघितलीत?" मी विचारलं.

"नाडी कशाला बघायची? शेण सगळं सांगतं!"

सुभेदारांना पटलं. तात्यांनी स्वतः खलबत्त्यात कुटून दिलेलं मिश्रण घेऊन ते आंबेगावच्या बाजूला रानात गेले. चाटणावर ते टाकलं आणि बसले. एकही जनावर फिरकलं नाही. त्या वासानं माकडंसुद्धा झाडं सोडून गेली म्हणे! त्यात सुभेदारांनी सकाळी शिळी वांग्याची भाजी खाल्लेली. उन्हं चढली तसं पोट फुगलं. बसवेना, उठवेना. जवळपास गाव नाही, औषध नाही. शेवटी पिशवीत तळाशी राहिलेलं ते सांबराचं मिश्रण त्यांनी चिमूटभर तोंडात टाकलं. थोड्याच वेळात असा काही मोकळा ढेकर आला, की समोरच्या डोंगरावरनं उत्तर आलं!

परत येऊन त्यांनी रिपोर्ट दिला, "शिकारीला फेल, पण औषध अव्वल!"

तात्या खट्टू झाले नाहीत. तेच चूर्ण त्यांनी पेठेत सगळ्यांना द्यायला सुरुवात केली. कोणी शंका काढली, की म्हणायचे, "निर्धास्त घ्या. आधी रानात वापरून बघितलंय!"

*

घाटघरला सुभेदारांचा एक माणूस होता, धोंडू नाईक. सांबर कुठं उतरतं, कुठं पाणी पितं, याची खबर तो द्यायचा. तिथलं चाटणही त्याच्याच ताब्यात. आता गंमत बघा. कोकणातलं मीठ नाणेघाट चढून, घाटघरावरून जुन्नरला आमच्याकडं यायचं. आणि सुभेदार तेच मीठ विकत घेऊन परत घाटघरला पाठवायचे!

धोंडूचा निरोप ठरलेला असे. "सांबरं लई खात्यात. आनखी धाडा."

एवढं कोण खातंय, हे बघायला सुभेदार एकदा न सांगता गेले. चाटणाचा खडक चाटूनपुसून लख्ख, पण आसपास एक खूर उमटलेला नाही.

"धोंडू, खूर कुठायत?"

"खडकावर खूर कसं उमटंल, सुभेदार?"

दुपारी धोंडूच्याच घरी जेवायला बसले. नाचणीची भाकरी, खारवलेले मासे, खारवलेली करवंदं आणि वर मिठाची वाटी, तीही शिगोशीग! सुभेदारांच्या डोक्यात प्रकाश पडला. घास हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, "धोंडू, खरं सांग. माझं मीठ कोणी खाल्लं?"

धोंडूनं हात जोडले. "आमीच खाल्लं. म्हनून तर तुमाला सांबराची खरी खबर देतो. सांबरानं खाल्लं असतं, तर त्यानं येऊन सांगितलं असतं व्हय?"

*

एकदा एक गोरा साहेब लेण्याद्रीच्या खाली कॅम्प टाकून राहिला होता. शिकारीचा शौकीन. आमच्या ओट्यावरच्या मंडळींची कीर्ती त्याच्या कानावर गेली, म्हणून सगळ्यांना भेटीला बोलावलं. मलाही ओढून नेलं, मीठवाला म्हणून.

साहेबानं मोठं भाषण ठोकलं. मीठ टाकून हरणाला फसवायचं, हा स्पोर्ट नाही. खरा जंटलमन असं करत नाही. कारकून एकेक वाक्य मराठीत सांगत होता. सुभेदारांची मान खाली गेली. रावजींना खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता, साहेब त्यांच्याच पक्षाचा! पण त्यांचं लक्ष तंबूमागं गेलं. तिथं एक बोकड बांधलेला होता, संध्याकाळी बिबट्यासाठी खुंट्याला बांधायचा म्हणून आणलेला.

रावजी उठले. "साहेबाला विचारा, हरनाला मीठ टाकलं तर ती फसवनूक. मंग त्यो बोकड काय बिबट्यानं पाळायला मागितलाय?"

कारकून कात्रीत सापडला. साहेब वाट बघतोय! घसा खाकरून कारकून इंग्रजीत जे म्हणाला, ते त्यानंच मला नंतर सांगितलं, "पाटील म्हणतात, साहेबांचं अगदी बरोबर आहे."

साहेब खूश! पुढं होऊन त्यानं रावजींचा हात हातात घेतला आणि दोनतीनदा गदागदा हलवला.

परतताना रावजी आम्हाला म्हणाले, "मानूस बरा हाय राव. चूक दावली की कबूल करतो!"

*

आता आमच्या कुटुंबाचं सांगतो. तिचं नाव झमकूबाई. दुकानामागंच आमचं घर, मध्ये एक दार, आणि दारामागून तिला ओट्यावरचं अक्षर अन् अक्षर ऐकू जायचं. तिनं एक नियम घातला होता. अष्टमी आणि चतुर्दशी, या आमच्या व्रताच्या तिथींना शिकारीसाठी मीठ द्यायचं नाही.

ऐन माघात, चतुर्दशीलाच सुभेदार घाईघाईनं आले. "शेठ, मीठ द्या."

दारामागून आवाज आला, "कशाला?"

सुभेदार गडबडले. "लोणच्याला, वहिनी."

"माघात कैऱ्या कुठल्या?"

"लिंबाचं... लिंबाचं घालायचंय!"

दाराच्या फटीतून हळद, तिखट आणि हिंगाची पुडी बाहेर आली. "नुसत्या मिठानं लोणचं होत नाही. हेही न्या."

पलटणीत गोळ्या झेललेला माणूस, पण खोटं पडायला घाबरला! त्या आठवड्यात सुभेदार रानात गेले नाहीत. लिंबं आणून बायकोच्या मागं लागले आणि सगळं मीठ लोणच्यात घालून बरणी आमच्या दारात आणून ठेवली.

झमकूबाईनं झाकण उघडून बघितलं. म्हणाली, "लिंबातही जीव असतोच, भावजी. पण सांबरापेक्षा पुष्कळ स्वस्तात सुटलात!"

*

आणि हा त्यानंतरचा.

गावात साध्वीजी आल्या होत्या. प्रवचनात त्या म्हणाल्या, सुरी चालवणाऱ्याला पाप लागतं, तसंच सुरी देणाऱ्यालाही लागतं. झमकूबाई घरी आली ती नियम घेऊनच. "आपल्या दुकानातलं मीठ शिकाऱ्याला जातंय, तोवर या घरात मीठ शिजणार नाही."

मला वाटलं, बाईमाणूस आहे, दोन दिवसांत विसरेल. कसली विसरते! वरण अळणी, भाजी अळणी, पापडसुद्धा अळणी. दुकानात मिठाची थप्पी आढ्याला टेकलेली, आणि मालक आत अळणी वरण ढवळत बसलेला! मी काही बोललो की म्हणायची, "तुम्हाला नियम नाही. तुम्ही खुशाल वरून घ्या." पण ती समोर तसंच खात असताना वाटीकडं हात कसा जाणार? तिची तब्येत उतरली. सुभेदारांना नाही म्हणावं, तर जन्माची दोस्ती. आणि नियम मोड, असं तिला कोणत्या तोंडानं सांगू?

एकदा दुकानात कोणी नाही असं बघून पोत्यातला खडा मी तोंडात टाकला, तेवढ्यात समोर सुभेदार! माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, "शेठ, तुम्हीपण चाटणावर यायला लागलात?"

मग मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. उठून मधल्या दाराशी गेले. "वहिनी, मारतो मी, पाप माझं. तुम्ही कशाला स्वतःला जाळून घेता?"

आतून उत्तर आलं, "भावजी, ज्याच्या पापात माझी भागी आहे, ते जनावर मी कधी बघितलेलं नाही. एकदा दाखवा. बघून काय ते ठरवीन."

सुभेदारांनी हिशेब केला, पेठेतली बाई आहे, शिंगं बघून घाबरेल आणि विषय मिटेल. बैलगाडी ठरली. हे ऐकून रावजी बोरीहून मुद्दाम आले. "असली शिकार पुन्यांदा बघायला मिळायची न्हाई!"

घाटघरच्या वर, सुभेदारांच्या चाटणापाशी, सूर्य असतानाच झमकूबाईनं आमची जेवणं उरकून घेतली, कारण दिवस बुडाल्यावर आम्ही खात नाही. मग सुभेदारांनी या खेपेला स्वतःच्या हातानं आमच्या दुकानातलं मीठ चाटणावर टाकलं, आणि कारवीच्या झुडपांच्या आडोशाला आम्ही चौघं बसलो. तिची लाल ओढणी लांबून दिसेल म्हणून रावजींनी आपली घोंगडी तिला दिली. आणि बांगड्या वाजू नयेत म्हणून तिनं आपणहून पदर फाडून मनगटाला गुंडाळला. आमच्यापैकी हे कोणालाच सुचलं नव्हतं.

उन्हं कलली. वारा पडला. आणि सांबर आलं.

काय सांगू! मानेवर आयाळ, डोक्यावर वाळलेल्या झाडासारखी शिंगं. आधी नाक वर करून चौफेर वास घेतला, मग खाली वाकून चाटायला लागलं. लाकडावर कानस घासावी तसा जिभेचा आवाज येत होता. चाटता चाटता त्यानं डोळे मिटले.

मी झमकूबाईकडं बघितलं. ती पापणी न हलवता बघत होती. घाबरण्याचं नाव नाही.

तेवढ्यात सुभेदारांची बंदूक हळूहळू वर येताना दिसली. त्यांनी तरी काय करावं? हात सवयीचा, आणि जनावर असं आयतं समोर. मला वाटलं, आता ही ओरडणार, नाहीतर मोठ्यानं नवकार मंत्र म्हणणार!

तिनं यातलं काहीच केलं नाही. बंदुकीच्या नळीवर दोन बोटं ठेवली आणि दुकानात गर्दी झाली की बोलते, त्याच हळू आणि पक्क्या आवाजात म्हणाली,

"भावजी, थांबा. ते आमचं गिऱ्हाईक आहे."

सुभेदारांनी बंदूक मांडीवर घेतली. सांबरानं सावकाश शेवटचा खडा चाटला, मान झटकली आणि कारवीत शिरलं. गाडीत बसताना सुभेदार म्हणाले, "वहिनी, यापुढं चाटणाला मीठ नेईन, पण बंदूक घरी ठेवून."

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या वरणात मीठ होतं. जरा जास्तच.