बाबांच्या खिशातला काळा चाकू

मंडळी, चाकूला कोणतं स्टील चांगलं हा ग्रुपवरचा वाद आता बंद करा.

तुमचं ऐकून मी सासऱ्यांसाठी, म्हणजे बाबांसाठी, नवा घडीचा चाकू घेतला. स्टेनलेस, लॉकवाला. त्यांचा जुना साध्या पोलादाचा, काळा पडलेला, आणि बाबांचे हात थरथरतात. त्यांनी नव्याची धार नखावर पाहिली. "चमकते चांगला," म्हणाले आणि दोन्ही चाकू खिशात टाकले.

आज तात्यापारा चौकात ई-रिक्षाच्या चाकात माझी ओढणी गेली. रिक्षा थांबली, पण गळ्याभोवती फास बसला होता. श्वास येईना. शेजारी बसलेल्या बाबांनी नवा चाकू चालवला, तर तो कापडावरून नुसता घसरला. मग त्यांनी जुना काढला, धारेसाठी रोज कपाच्या बुडावर घासतात तो.

"हालू नको पोरी."

थरथरतं पातं गळ्याशी आलं. मी डोळे मिटले. एका ओढीत ओढणी तुटली.

घरी आल्यावर कुर्तीच्या गळ्यावर रक्त दिसलं, पण मला कुठेच कापलं नव्हतं. बाबांनी ओढणीखाली आधी स्वतःचं बोट सरकवलं होतं.

"काहून घातलं बोट?" मी ओरडलेच.

"हात हालते ना माहा."