बिनपुरुषाचे उंबरे

निवडणूक जवळ आली की नातवंडं मला समजावून सांगतात, अमकी गल्ली ह्याची, तमकी गल्ली त्याची. मला हसू येतं. आमच्या मुरुम गावावर निजामाचा अंमल होता तेव्हा मतपेटी कशी असते ते कुणी पाहिलं नव्हतं, पण पेठेचा कल कुठं आहे हे शेंबडं पोरही सांगायचं. ज्या घरचा गडी दिसेनासा झाला, ते घर सरकारविरुद्ध. एवढं सोपं होतं.

माझा नवराही तसाच निजामाविरुद्धच्या लढ्यासाठी हद्दीपलीकडं, सोलापूरकडं गेला होता. कुणी विचारलं की आम्ही सांगायचो, तापानं निजलेत. चार महिने ताप! साऱ्या पेठेत तीच साथ होती. कुणाचा ताप हटेना, कुणाची कंबर धरलेली, कुणी शेतावर राखणीला गेलेला. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि सगळ्यांची तोंडं बंद होती.

मी तेव्हा मठाच्या ओवरीत मुलींना मराठी शिकवायची. सरकारी शाळा उर्दूतून. तिथं आपल्या पोरी कोण घालणार? अकरा जणी यायच्या. लिंगायतांच्या पोरी घरात कानडी बोलायच्या आणि माझ्यापुढं मराठी बाराखडी घोकायच्या. त्या अकरा पोरींवर माझा लई जीव होता. एक दिवस तहसिलीतून फर्मान आलं, की शाळा बिनपरवाना आहे. पेठेला ती हवी की नको ते कारकुनासमोर ठरवा. बंद त्यांनाच करायची होती, पण बंदूक पेठेच्या खांद्यावर.

पेठेची रीत जुनी होती. एक उंबरा, एक जबान. विहिरीचा गाळ काढायचा असो की जत्रेची तारीख धरायची असो, घरचा कर्ता पुरुष उठायचा आणि व्हय किंवा न्हाय सांगून बसायचा. ज्या घरचा पुरुष हजर नसेल तो उंबरा गप धरायचे, मोजणीत घ्यायचे नाहीत. आता शाळेच्या बाजूचे पुरुष होते कुठं? सगळे हद्दीपलीकडं. मागं राहिलेले बिचारे जपून पाऊल टाकणारे. म्हणजे शाळा बुडालीच म्हणायची.

बैठकीच्या सकाळी मी सासूबाईंना म्हटलं, आपल्या उंबऱ्यातर्फे मी बोलते. आम्ही त्यांना अव्वा म्हणायचो. अव्वा थापत होत्या ती भाकरी परातीतच राहिली.

"तू उठलीस की तो घरात न्हाय हे उघडं पडलं," त्या म्हणाल्या. "शाळा पुन्हा काढता येती. पोरगा कुठून काढू?"

त्यांचं खोटं नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग आला. मी पदर खोचला आणि निघाले.

मठाच्या अंगणात कारकून कागद घेऊन बसला होता. पेठेचे थोरले शेट एकेक घर पुकारत होते. पुरुष उठत, जमिनीकडं बघून "न्हाय" म्हणत आणि बसत. ज्यांच्या पोरी माझ्याकडं शिकत होत्या तेसुद्धा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग बांगड्या भरणारी विधवा चाची उठली. मुसलमान म्हणून सगळ्यांनी तिला आधीच सरकारच्या बाजूला धरून ठेवलं होतं. तिनं शेटजींना सरळ विचारलं, घरात मरद नसला म्हणून ती काय झाडाखाली राहते? तिची नात ओवरीत शिकते आणि शाळा पाहिजे. कारकून हसला, पण लिहून घेतलं.

त्या कागदामुळं आता बाईच्या जबानीला वाट झाली होती. माझं घर पुकारलं आणि मी उठले. शेटजी हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, मालक आजारी हायत न्हवं? बसा तुम्ही."

भला माणूस. मला वाचवायलाच बघत होता. मी बसले असते तर काहीच बिघडलं नसतं, शाळेशिवाय.

"आजारी न्हायत," मी म्हटलं. "घरात न्हायत. कुठं हायत ते मी सांगणार न्हाय. उंबरा माझ्या ताब्यात हाय आन शाळा चालली पायजे."

मग मागून एक बाई उठली, मग दुसरी. घटकाभरात पेठेतला एकही नवरा आजारी उरला नाही. चार उंबरे जास्त पडले आणि शाळा राहिली.

अव्वा माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. पुढ्यात ताट सरकवायच्या, एवढंच. तिसऱ्या दिवशी पोलीस ठाण्याचा अमीन दोन शिपाई घेऊन दारात आला. अव्वा बाजेवर तूर निवडत होत्या. त्यानं त्यांनाच दरडावून विचारलं, मुलगा कुठं आहे, आणि सून कुणाच्या परवानगीनं बोलली. अव्वांना नुसतं माझ्याकडं बोट दाखवून सुटता आलं असतं, आणि मी त्यांना दोषही दिला नसता.

अव्वांनी सूप बाजूला ठेवलं.

"परवानगी कशाची?" त्या म्हणाल्या. "पोरगा नसला की घराची मालकीण हीच. ही म्हणंल ते माझं म्हणणं."

मग त्या उठल्या आणि माझ्या पुढं येऊन उभ्या राहिल्या.