भुऱ्याची थाळी

कडूबाई शिंगणापुरात वाहनतळ झाडते. मुकादमाची कॉलर धरून हजेरी लावून घेणारी बाई. पण तिच्या भुऱ्या कुत्र्याला रक्ताची हगवण लागली, तेव्हा ती त्याला उचलून दवाखान्यात धावली. सलाइन लावून डॉक्टरांनी बजावलं, "आठ दिवस नुसती भाताची पेज. दूध-भाकरी पोटात गेली तर कुत्रं हातचं जाईल."

तिसऱ्या दुपारी ती कामावरून आली, तर थाळीत दूध-भाकरीचा काला आणि भुऱ्या ओकतोय. गावच्या रीतीने घराला दार नाही, कोणीही आत यावं. ती थाळी उचलून शेजारच्या झुंबरबाईवर धावली.

"माझं कुत्रं मारायला निघालीस व्हय गं?"

"तुझ्या घरात आले आसंल तर पाय झडू दे माझे! आन् काल्यात गूळ कोन किसतं गं? तुझी सासू किसायची."

कडूबाईने थाळी पाहिली. गूळ होता. सासूला जाऊन दोन वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी ती खाडा करून घरीच बसली. भर दुपारी भुऱ्याने मान उचलली आणि रिकाम्या चौकटीकडे बघत शेपूट हलवलं. कडूबाईच्या अंगावर काटा आला, मग सासूचा रागच आला.

"आत्याबाई, तुमची लई माया हाय त्याच्यावर. पन दूध पचत न्हाई त्याला. पेज द्यायची तर द्या, न्हाईतर आल्या तशा जावा!"

पुढच्या दुपारी ती कामावरून परतली. चूल सकाळपासून थंड होती. थाळीत मात्र वाफाळती पेज होती, आणि भुऱ्या ती सावकाश चाटत होता. त्या दिवशी तो ओकला नाही.