शेपटी नसलेले ठिपके

आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी होती : ‘कोणताही पदार्थ तोंडात घालू नये.’ ती शिवलिंगप्पांनीच खिळे ठोकून लावली होती. आणि तिच्याच खाली उभे राहून ते रोज सकाळी सिलिका जेलचा ओला लगदा करंगळीच्या टोकावर घेत, जिभेला लावत आणि डोळे मिटून उभे राहत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा धावत जाऊन त्यांचा हात धरला.

“अप्पा, ती पाटी वाचता येत नाही का?”

“न्हाय की,” ते शांतपणे म्हणाले. “वाकडी हाय म्हणून साहेबांनी दोनदा काढाया लावली. आता सरळ हाय न्हवं?”

पाटी सरळ होती.

अप्पा सास्तूरचे. चुन्याचा गिलावा करणारे गवंडी. निजामाच्या अमलात त्यांनी गिलावा केलेल्या भिंती अजून उभ्या होत्या, फक्त आतली कचेरी बदलली होती. परांचीवरून पडून त्यांचा उजवा गुडघा कायमचा आखडला, तेव्हा ‘बसून करायचं काम’ शोधत ते उस्मानाबादला आले. कॉलेजात विज्ञानशाखा नुकतीच निघाली होती. त्यांना हमालाची तात्पुरती जागा मिळाली. मी तिथं डेमॉन्स्ट्रेटर होतो आणि धोतऱ्याच्या बियांमधल्या विषारी द्रव्यांवर प्रबंध लिहीत होतो.

पातळ थराची क्रोमॅटोग्राफी आमच्याकडे तेव्हा नवी होती. काचेवर सिलिका जेल आणि जिप्समचा थर द्यायचा, तो भट्टीत वाळवायचा, खालच्या कडेजवळ अर्काचा थेंब ठेवायचा आणि काच द्रावणाच्या बरणीत उभी करायची. द्रावण थरातून वर चढतं, अर्कातल्या द्रव्यांना सोबत नेतं. ज्याला थर घट्ट धरतो ते मागं राहतं, ज्याला सोडतो ते पुढं जातं. शेवटी रंग आणणाऱ्या रसायनाचा फवारा मारला की एकेक द्रव्य नारिंगी ठिपक्याच्या रूपानं दिसतं. माझा थर उन्हाळ्यातल्या तळ्यासारखा भेगाळायचा. अप्पा काचेची कांडी एकदाच, न थांबता ओढत. “हात मधी थांबला की थराला कळतंय, मास्तर. मग त्यो मनात धरतो.”

एकदा बी.एस्सी.च्या वर्गाला मी पाऊण तास हे सगळं समजावलं. कुणालाही काही समजलं नाही. बरण्या विसळता विसळता अप्पा म्हणाले, “अरे पोरांनो, तेर गावच्या बाजारात दोगं संगट शिरले. एकाची दर दुकानाला वळख. ह्यो म्हणतो बसा, त्यो म्हणतो पान खावा. दुसऱ्याला कुणीच इचारत न्हाय. आधी बाहीर कोण पडंल?” सगळा वर्ग एकदम ओरडला. त्या वर्षीच्या परीक्षेत सात जणांनी उत्तरपत्रिकेत तेरचा बाजार लिहिला. मी सातही जणांचे गुण कापले.

माझी अडचण वेगळी होती. धोतऱ्यातली दोन द्रव्यं वेगळी होतच नव्हती. ठिपक्यांच्या जागी लांब शेपट्या उमटत आणि वरची शेपटी खालच्या ठिपक्यात मिसळे. आठ महिने मी द्रावणं बदलत होतो. मार्गदर्शकांचं पत्र आलं की या वर्षी निष्कर्ष नसतील तर विषय सोडा. आणि एका मंगळवारी काचेवर दोन स्वच्छ, गोल, सुटे ठिपके आले. मी स्वतःवर फार खूश झालो. दुसऱ्या दिवशी स्वतः थर दिला आणि शेपट्या परत आल्या.

“अप्पा, काल काय केलंत?”

“आंबट हुतं,” ते म्हणाले. “म्हणून चिमूटभर चुना घातला.” आणि त्यांनी कमरेची तंबाखूची चंची दाखवली.

मला तिथल्या तिथं सगळं उमगलं. सिलिका किंचित आम्लधर्मी, धोतऱ्यातली द्रव्यं अल्कधर्मी. थर त्यांना धरायचा तो अर्धवट, काही सोडायचा, काही नाही. त्याचीच शेपटी व्हायची. चुन्यानं आंबटपणा मेला आणि पकड सारखी झाली. हे कळायला मला आठ महिने लागले, अप्पांना एक करंगळी.

मी म्हणालो, “अप्पा, घालत राहा. पण कुणाला सांगू नका.”

“न्हाय सांगत.”

पुढं तीन महिने माझ्या सगळ्या काचा चुन्याच्या होत्या. मग एक दिवस विभागप्रमुखांनी अप्पांना चंचीतला चुना चंचुपात्रात घालताना पाहिलं. दुपारी आम्हां दोघांना त्यांच्या खोलीत बोलावणं आलं.

“काय घालत होता?”

“चुना, साहेब.”

“कुणाला विचारून?”

“जिभेला.”

साहेबांना तो उद्धटपणा वाटला. अप्पांनी फक्त विचारलेल्याचं उत्तर दिलं होतं. मग साहेब माझ्याकडं वळले. “यानं तुमच्या कामाचं नुकसान झालं का?”

एक वाक्य पुरलं असतं. साहेब, याच चुन्यानं माझं काम झालं. पण प्रबंधाचं ते प्रकरण मी ‘माझी पद्धत’ या मथळ्याखाली लिहून पाठवलं होतं.

“सांगता येत नाही, सर,” मी म्हणालो.

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, काच उजेडात धरून भेग बघावी तसं. मी कुणाला सांगू नका म्हटलं होतं. त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी येऊ नये असं ठरलं.

प्रबंधात मी चुन्याला कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हटलं. तेवढ्यानं तो माझा झाला. आभाराच्या पानावर अकरा नावं आहेत. काच कापून देणारा दुकानदारही आहे. अप्पा नाहीत. परदेशात असा थर आधीच कुणी दिला असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. पण आमच्या प्रयोगशाळेत तो कुणी दिला, हे मला ठाऊक होतं.

पदवी मिळाल्यावर दोन वर्षांनी मी सास्तूरला गेलो. अप्पा आता नाहीत, त्यामुळं हे लिहायला सोपं जातंय, हेही कबूल करतो. तेव्हा ते एका घराच्या अंगणात पाय लांब करून, हात पोचेल तेवढीच भिंत सारवत होते. पायाशी बसून मी सगळं सांगितलं. त्यांनी हात थांबवला नाही.

“मला ठावं हुतं की, मास्तर. शेपट्या गेल्या तवाच तुमचं त्वांड बघितलं म्या.”

“मग साहेबांना का नाही सांगितलंत? नोकरी राहिली असती तुमची.”

अप्पांनी ओला हात धोतराला पुसला. त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसलं.

“म्या कशाला सांगू? तुमी हुतात की तिथं.”

होतो. साहेबांच्या त्या खोलीत अप्पांच्या आणि माझ्यामध्ये एक स्टूल होतं, तेवढंच.