दह्यातलं इसबगोल

क्रेनच्या केबिनला दार असतं, शिडी असते, घंटा असते, पण संडास नसतो. ज्याचं पोट धड आहे त्याच्या हे कधी मनातही येणार नाही. माझ्या मनात मात्र त्या काळात दुसरं काही येतच नव्हतं.

भिलाईचा कारखाना तेव्हा अर्धा चालू होता आणि अर्धा बांधून होत होता. मी भंडाऱ्याकडचा, धानाच्या बांध्यांत वाढलेला माणूस. आधी बांधकामावर पाट्या उचलल्या, नंतर लोखंडी खांब उचलणाऱ्या क्रेनवर हात बसला, मग मला ओतकामाच्या क्रेनवर घेतलं. तिथलं काम असं की पातळ पोलादाने भरलेलं घराएवढं भांडं, त्याला आम्ही लॅडल म्हणायचो, ते आपल्या हुकाला लटकतं. खाली साच्यांची रांग. खालचा माणूस हाताने इशारा करतो, तशी क्रेन हलवायची आणि लॅडल एकेका साच्यावर नेऊन थांबवायचं. बुडाचं छिद्र उघडतं, साचा भरतो, पुढे चला. लॅडल रिकामं होईतोवर ऑपरेटरने जागा सोडायची नाही. "मरना है तो बाद में मरो," असं आमचे फोरमन म्हणायचे, आणि ते गमतीत नाही म्हणायचे.

हे काम मी एका रशियन उस्तादाकडून शिकलो. त्याला हिंदी येत नव्हती, मला रशियन येत नव्हती, सगळं खुणांवर. मी लॅडल साच्यावर थेंब न सांडता थांबवलं त्या दिवशी त्याने माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की रात्रभर पाठ दुखली. गावी बापाला सांगितलं तर त्याला काय कळणार? पण मला कळत होतं. त्या क्रेनवरून मला कोणी उतरवलं असतं तर मी परत नुसता पाटी उचलणारा झालो असतो, पगार काही का असेना.

आणि नेमकं तेव्हाच भगंदर झालं. इथल्या दवाखान्यात दाखवायची लाज वाटली म्हणून सुट्टीत गावाकडे गेलो आणि बाजारात बसणाऱ्या एका वैदूकडून कापून घेतलं. जखम भरली, पण कुलूप ढिलं झालं ते झालंच. आधी थोडं थोडं कळायचं नाही, लंगोटाला डाग दिसायचा. मग कळ आली की थांबेनाच. शिंकायची भीती, जोरात हसायची भीती. चारचौघांत बसलो की माझं सगळं लक्ष मागे. कोणी नाक चोळलं तरी माझ्या काळजात धस्स व्हायचं.

मी लंगोट लपवून धुवायला लागलो. ते किती दिवस चालणार? एक दिवस बायको मोरीच्या दारात उभी राहिली.

"कावून लपवून राह्यले जी? घरातले कपडे कोन धुते, मीच ना?"

तिने माझ्या हातातला लंगोट घेतला आणि पिळून टाकला. त्या दिवसापासून माझी शिफ्ट सुटायच्या वेळेला मोरीत पाण्याची बादली, साबणाची वडी आणि धुतलेला लंगोट तयार असे. मी आलो की सायकल टेकवून सरळ मोरीत. ती विचारत नसे, मी सांगत नसे.

उपाय म्हणून मी काय केलं असेल? उपाशी राहायला लागलो. पोटात काही टाकलंच नाही तर बाहेर काय येणार, असा माझा हिशेब. शिफ्टला जाताना नुसता काळा चहा. झालं उलटंच. रिकाम्या पोटी चहा गेला की पाणी पाणी व्हायचं, आणि पाणी तर आणखीनच थांबत नाही. डबा खायच्या वेळी सगळे बसत, मी आपला कोपऱ्यात उभा. "उपास कोनाचा धरला बे? सासूचा काय?" असं गोंदियाकडचा एक जण रोज म्हणायचा. मीही हसायचो, जपून.

वास येऊ नये म्हणून खिशात कापराची पुडी ठेवायचो. केबिनमध्येही एक वडी कोपऱ्यात चुरून टाकायचो. माझ्यानंतर चढणारा ऑपरेटर उत्तरेकडचा होता. तो एक दिवस म्हणाला, "तेरे केबिन में तो मंदिर की खुशबू आती है रे!" झालं, मी पुजारी झालो. विश्वकर्मा पूजेला सगळ्या खात्यासमोर आरतीचं ताट माझ्याच हातात दिलं. आरती लांबवणारे लोक तुम्हाला ठाऊक आहेतच. एक संपली की दुसरी. माझ्या हातातलं ताट थरथरत होतं आणि म्हातारे म्हणत होते, काय भाव आहे पोराचा!

शेवटी बायकोच चिडली. "तुमाले लाज वाटत असन तं मीच जाऊन सांगते डाक्टरले. मले नाई येत लाज." ती खरंच गेली असती. मग मीच गेलो. डॉक्टरांनी तपासलं, थोडक्यात विचारलं, आणि सांगितलं की इसबगोल घे.

मी बाहेर येऊन त्यांना मनात शिव्या घातल्या. अरे, इसबगोल? आमच्या घरी इसबगोल म्हणजे कोठा साफ करायचं औषध. ज्याला होत नाही त्याने घ्यायचं. इथे तर गळक्या पिंपाला आणखी एक भोक! पण बायको म्हणाली, डाक्टर काई येडा असते का, आणि सुपेल्याच्या बाजारातून पुडी घेऊन आली. आणि आमच्याकडे घेतात तसंच तिने ते दिलं. पेलाभर गरम दुधातून, वर तांब्याभर पाणी. घ्यायची दुसरी काही रीत असते हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लॅडल हुकावर होतं आणि निम्मे साचे भरायचे होते. तेव्हा कळ आली.

खाली माणसं होती. मी हात सोडला असता तर ती भाजली असती, म्हणून हात सोडला नाही. बाकीचं माझ्या हातात नव्हतं. तसाच बसून मी उरलेले साचे भरले. खालचा माणूस इशारा करत होता, मी बरोबर थांबवत होतो, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. नंतर केबिनमधल्या चिंध्यांनी जागा पुसली, होता नव्हता तेवढा कापूर चुरला आणि सगळे पांगल्यावर खाली उतरलो. आता संपलं, असंच वाटलं. पुढच्या खेपेला कोणीतरी पाहणार, आणि मग क्रेन गेली.

मी तिथून थेट दवाखान्यात गेलो नाही, आधी मोरीत गेलो. पण तिथून निघालो तो तणतणतच. डॉक्टरांच्या टेबलापुढे उभा राहून म्हणालो, "आपने मुझे जुलाब की दवाई दी!"

ते शांतपणे म्हणाले, "लिया कैसे?"

मी सांगितलं. दूध, पेला, तांब्या. त्यांनी कपाळाला हात लावला.

"अरे भाई, जिसका पेट साफ नहीं होता वो ऐसे लेता है। तुम्हें उल्टा करना है।" मग त्यांनी समजावून सांगितलं. हे भुसकट पाणी पितं आणि फुगतं. वरून भरपूर पाणी दिलं तर सगळं सैल होऊन घसरतं. पाणी बेताचं दिलं तर पोटातलंच पाणी पितं आणि पातळ असलेलं घट्ट होतं. जेवणानंतर दह्यात कालवून घ्यायचं, कोरडं मुळीच नाही, घशात अडकतं. वर दोन घोट पाणी पुरे. आधी चिमूटभर, मग हळूहळू वाढवायचं. उपास बंद, काळा चहा बंद. रोज जेवल्यावर ठरल्या वेळी संडासात जाऊन बसायचं. आणि बसल्या जागी, कळ नसतानासुद्धा, कळ दाबून धरतो तसं आवळायचं आणि सोडायचं. ढिलं झालेलं कामाला लावायचं.

मी घाबरत विचारलं, "और क्रेन, साहब?"

"जब तक भरोसा नहीं होता, ऊपर मत चढ़ना," ते म्हणाले, आणि पोटदुखी लिहून मला रजा दिली.

रजेचे ते दिवस मला आजही नको वाटतात. क्रेनवर दुसरा बसला होता. आमच्या कॅम्पातल्या क्वार्टरपर्यंत कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा. भोंगा वाजला की मला वाटायचं, तो दुसरा आता माझ्यापेक्षा चांगली चालवत असेल. उस्ताद आता त्याच्या पाठीत गुद्दे घालत असेल. माझं जेवण झालं की बायको दह्याची वाटी घेऊन समोर बसायची. इसबगोल टाकलं की दही बघता बघता खळीसारखं होतं, मग घशाखाली उतरत नाही.

"खा ना जी लवकर, गोळा होऊन राह्यला!"

"हे खायचं आहे का पोस्टर चिकटवायचं आहे?"

"आधी खा, मंग चिकटवा."

दोन दिवस बरं जायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा फजिती. मी वाटी भिरकावून दिली तेव्हा तिने ती उचलली, घासली आणि पुन्हा भरली. मग हळूहळू फरक पडला. एका सकाळी मी संडासातून बाहेर आलो आणि तिला म्हणालो, आज घट्ट झालं. तिने पदर तोंडाला लावून हसू दाबलं. तिशीतल्या माणसाने बायकोला सांगायची ही काय बातमी? पण पोरगं पास झाल्यासारखा आनंद झाला होता मला.

तरी परत शिडी चढलो त्या दिवशी खिशात कापराची पुडी होतीच. पहिले दिवस नीट गेले. मग एक दिवस लॅडल वर असतानाच बुडाचं छिद्र जाम झालं. खाली आरडाओरड, लांब सळया घेऊन माणसं धावली, आणि मला इशारा आला, तसंच धरून ठेव. शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला. तरी लॅडल हुकावरच. आणि माझ्या पोटात कळ उठली.

देवा, आज नको! मी हे मोठ्याने म्हटलं असेन, वर ऐकायला कोण होतं? दोन्ही हात दांड्यांवर ठेवले, डोळे खालच्या माणसाच्या हातावर, आणि आवळलं. घरी दह्याची वाटी संपल्यावर बसून आवळायचो तसंच. कळ वर आली, थांबली, पुन्हा आली. मी हललो नाही. मग ती ओसरली. छिद्र मोकळं झालं, पोलाद सुटलं, आणि मी एकेक साचा भरत लॅडल पुढे नेलं.

खाली उतरलो तर उस्तादाने माझं थरथरणारं मनगट धरलं. त्याला वाटलं मी पोलादाला भ्यालो. "खराशो, खराशो," म्हणजे छान छान, असं म्हणत त्याने मला पाणी पाजलं. मी दोनच घोट घेतले.

घरी आलो, सायकल टेकवली आणि मोरीत न जाता अंगणात उभा राहिलो. बायको मोरीच्या दारातच होती.

"काय झालं जी? येवढा उशीर?"

"काही नाही झालं."

"काईच नाई?"

"काहीच नाही."

ती आत गेली, भरलेली बादली उचलून आणली आणि कुंपणाजवळच्या पपईच्या रोपाला ओतली. आणि तिथेच बसून रडली. इतक्या महिन्यांत ती एकदाही रडली नव्हती. थोड्या वेळाने डोळे पुसत तिने विचारलं, "उद्या ठेवू का नको?"

मला हो म्हणायची लाज वाटली आणि नको म्हणायची भीती वाटली. मी म्हटलं, "ठेव."

तिने ठेवली. रोज ठेवली. एखाद्या दिवशी मला लागायची, बाकीचे दिवस पपईला जायची. त्या पपईला पुढे इतकी फळं धरली की शेजारीण कुंपणावरून विचारायची, "बाई, खत कोनतं घालता वं हिले?"

बायको माझ्याकडे न पाहता म्हणायची, "काई नाई वं. नुसतं पानी."