अहवालाआधीची उपकारस्तुती

शुक्रवारी सकाळी मी म्हैसूर स्टेशनवर उतरले तेव्हा शमुवेलच्या घशातल्या गाठीचा तपासणी अहवाल आलेला नव्हता. तो आला आणि चांगला आला, असं मी पुण्याहून निघण्यापूर्वीच जुन्या सहकाऱ्यांना कळवून बसले होते.

चूक कशी झाली ते आधी सांगते. रूथ आणि मी एका दैनिकाच्या संपादकीय विभागात समोरासमोरच्या टेबलांवर बसून नोकरी केली. ती नगरची, ख्रिस्ती. नवऱ्याला, म्हणजे शमुवेलला, म्हैसूरजवळ हेब्बाळच्या एका कारखान्यात काम मिळालं तेव्हा ती म्हैसूरला गेली आणि तिथेच राहिली. त्याआधी तिच्या माहेरी मी कितीतरी वेळा उपकारस्तुतीला (देवाचे आभार मानायला घरी भरवलेली प्रार्थनासभा) गेले होते. भाऊ पास झाला, आई दवाखान्यातून घरी आली, विहिरीला पाणी लागलं. आधी गोष्ट घडायची, मग सभा, गाणी, चहा आणि चिवडा. त्यामुळे रूथचा निरोप आला, 'शनिवारी घरी उपकारस्तुती ठेवली आहे, येशील का?' तेव्हा मी त्याचा एकच अर्थ घेतला. दोन ठिकाणांहून खात्री केल्याशिवाय बातमी सोडायची नाही, हे मी नव्या मुलांना शिकवत आले. या बातमीची खात्री मी एकाही ठिकाणाहून केली नाही.

स्टेशनबाहेर रूथ रिक्षा थांबवून उभी होती. केस पिकलेत, बाकी तशीच.

"अभिनंदन," मी म्हणाले.

"कशाचं?"

"अहवालाचं."

"तो सोमवारी येणार आहे."

"मग उपकारस्तुती?"

"ती शनिवारी. कळवलं होतं की तुला." तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. "बाकरवडी आणलीस ना? नसेल तर इथूनच परत पाठवीन."

हुणसूर रस्त्याने हिनकलला, रूथच्या घरी, जाताना डाव्या-उजव्या बाजूंनी कंपन्यांच्या बसगाड्या हेब्बाळकडे वळत होत्या. दुचाक्यांच्या रांगेत आमची रिक्षा अडकली. रूथ रिक्षावाल्याशी कानडीत बोलत होती आणि मी मोबाइल काढून सहकाऱ्यांना काय लिहावं याचा विचार करत होते. काहीच लिहिलं नाही. सोमवारी अहवाल चांगला आला तर दुरुस्तीची गरज पडणार नव्हती.

घर लहान, पुढे ओसरी, वर गच्ची. शमुवेलभाऊ दारात उभे होते. ते इथल्या मंडळीत (चर्चच्या सभासदांत) गाणं शिकवतात. डॉक्टरांनी त्यांना कमी बोलायला सांगितलं होतं, म्हणून त्यांनी नुसते हात जोडले. नाश्ता शेजारून आला होता: अक्की रोट्टी (तांदळाच्या पिठाची भाकरी), वर कांदा, मिरची आणि खोबऱ्याची चटणी. ती घेऊन आलेल्या पद्माक्का पिढ्यान् पिढ्या म्हैसूरच्या मराठी. त्यांचे पूर्वज राजाच्या घोडदळात होते, असं त्यांनी पहिल्या पाच वाक्यांत सांगितलं.

"तुम्ही पुण्याचे ना? आमची मराठी समजते का? स्वल्प (थोडी) कन्नड मिसळते बघा."

"छान समजते."

"खोटं बोलू नका. माझ्या नातवंडांनासुद्धा समजत नाही."

दुपारची भांडी झाल्यावर रूथ आतल्या खोलीत चटईवर आडवी झाली. मला म्हणाली, "तूही पड." मी काही उत्तर देईपर्यंत ती झोपली होती. नवऱ्याच्या घशात गाठ, अहवाल तीन दिवसांवर, आणि या बाईचा श्वास संथ चालला होता. तोंड थोडं उघडं, एक हात डोक्याखाली. मी उशाशी बसून पाहत राहिले. माझे पती रुग्णालयात होते तेव्हा मी दुपारी कधी झोपले नाही. प्रत्येक डॉक्टरला फोन केला, प्रत्येक औषधाची माहिती काढली, ओळखीच्या वार्ताहरांकडून दुसऱ्या शहरातल्या तज्ज्ञांचे नंबर मिळवले. करण्यासारखं काही राहू दिलं नाही. ते गेले. रूथने यातलं काहीच केलं नव्हतं आणि ती घोरत होती. मला तिचा हेवा वाटला. त्याला दुसरा शब्द नाही.

ओसरीवर शमुवेलभाऊ बसले होते. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "झोपली?"

"झोपली."

"मला नाही लागत ताई. इतकी वर्षं लोकांना शिकवतोय, देवावर भार टाका, विसावा घ्या. सुरात शिकवतोय. आणि झोप हिला लागते."

"हेवा वाटतो?"

"वाटतो तर. पाठीत एक गुद्दा घालावासा वाटतो."

ते हसले, मग त्यांनी घसा धरला. मला सोबत मिळाल्यासारखं वाटलं. त्या घरात हेवा करणारे आम्ही दोघं होतो.

शनिवारी सकाळी रूथ आणि मी बसने येलवालला गेलो. तिथल्या एका कुटुंबाकडे मंडळीची हार्मोनियम होती, ती आणायची होती. गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं. एका उपाहारगृहात इडली खाल्ली, कॉफी घेतली आणि पेटी मांडीवर घेऊन परतीच्या बसमध्ये बसलो. बसल्या बसल्या मी विषय काढला. मुलाखतीत वापरतात तशी पद्धत मी वापरली: सोपा प्रश्न आधी.

"अहवाल चांगलाच येणार अशी तुझी खात्री आहे?"

"नाही."

"मग आभार कशाचे मानणार आहेस?"

ती खिडकीबाहेर पाहत होती. "वाईट आला तर त्यानंतर माझं तोंड उघडेल की नाही, मला माहीत नाही. मी रुसून बसणारी बाई आहे, तुला ठाऊक आहे. म्हणून आधीच मानून ठेवते."

"ही देवाची फसवणूक झाली."

"त्याची कशी होईल? मी कशी आहे ते त्याला माहीत आहे."

"आणि भीती?"

"वाटते की. सकाळी उठल्या उठल्या वाटते. मी त्याला सांगते, अगदी सगळी सांगते, शिव्या घातल्यासारखी सांगते. मग ती त्याने धरावी. त्याच्यावर भरवसा ठेवायचा आणि आपणही घट्ट धरून बसायचं, दोन्ही कसं जमेल? मला पेटीसुद्धा एकटीला धरवत नाही. नीट धर तिकडून."

मी पेटी धरली. "मी कोणाला सांगायचं?"

"त्यालाच."

"आमची ओळख नाही."

"तुझी नसेल," ती म्हणाली.

यावर मी वाद घातला. वाद वाढला आणि हिनकलचा थांबा मागे पडला. वाहकाने पुढच्या थांब्यावर आम्हाला उतरवताना कानडीत काही ऐकवलं. रूथ हसत सुटली. त्याचा अर्थ तिने सांगितला: दोन म्हाताऱ्या आणि एक पेटी, तिकीट तिघींचं काढा. तेवढं अंतर आम्ही पेटी घेऊन उलट चाललो. दर थोड्या अंतरावर ती खाली ठेवायची आणि कंबर सरळ करायची. रूथ प्रत्येक वेळी हसत होती, मी नव्हते.

संध्याकाळी गच्ची भरली. माणसं कानडी, तमिळ, थोडी मराठी. शास्त्रपाठ कानडीत झाला. रूथने कानात अर्थ सांगितला: थकलेल्यांना आणि ओझ्याखाली वाकलेल्यांना बोलावणं होतं. पाळकांनी (धर्मगुरूंनी) नेहमीचा प्रश्न विचारला, कशाबद्दल आभार मानायचे? रूथ उभी राहिली.

"या माणसाबद्दल," तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं. "आणि तो ज्याच्या हातात आहे त्याच्याबद्दल. अहवालाबद्दल मला अजून काही माहीत नाही. तो सोमवारी येईल. आज शनिवार आहे, आज देव चांगला आहे, एवढंच सांगायचं होतं."

ती बसली. मग गाणं सुरू झालं आणि पहिल्या ओळीतच ते वाट सोडून गेलं. सूर देणारा माणूस गप्प बसला होता. मागच्या रांगेतले एका स्वरात, पुढचे दुसऱ्या. शमुवेलभाऊंच्या चेहऱ्यावर वेदना स्पष्ट दिसत होती. त्यांनी स्टीलचा पेला उचलून त्यावर चमच्याने ताल दिला. कोणी ऐकलं नाही. दुसऱ्या कडव्यापर्यंत ते झगडले. मग त्यांनी पेला खाली ठेवला, हात मांडीवर घेतले आणि डोळे मिटले. गाणं तसंच शेवटपर्यंत गेलं.

साक्ष (स्वतःचा अनुभव) सांगायला ते स्वतःच उठले. बायकोने डोळे वटारले, तरी उठले.

"आज माझ्याशिवाय गाणं झालं. वाईट झालं."

लोक हसले.

"पण झालं. मी रोज रात्री हिशेब करत पडतो, मी नसलो तर कायकाय थांबेल. मला धरून ठेवायची सवय आहे. मघाशी पेला खाली ठेवला, तेव्हा घसाही देवाच्या हातात ठेवला. ठेवायचं की नाही, हे इतके दिवस माझं ठरत नव्हतं. बस."

चहाच्या वेळी पद्माक्का माझ्याशेजारी येऊन बसल्या. "यांचा देव बरा. सुम्ने (नुसतं) बसून भेटतो. आमची चामुंडी हजार पायऱ्या चढवते. गुडघे गेले माझे."

"मग उद्यापासून इथे येऊन बसा," रूथ म्हणाली.

"बसेन की. पण चहा आजच्यासारखा फिका नको."

रविवारी ती दोघं उपासनेला गेली. मी गेले नाही. बाजारात फिरले. फुलांच्या गल्लीत मोगऱ्याचे गजरे हातांच्या लांबीवर मोजून देतात. केळ्यांच्या दुकानात नंजनगूडची रसबाळे (लहान, दाट गराची केळी) मिळाली. परत आले तेव्हा दार लोटलेलं होतं आणि घरात आवाज नव्हता. रूथ चटईवर झोपली होती. पलीकडे पलंगावर शमुवेलभाऊ झोपले होते, उताणे, चष्मा न काढता. मी केळी ओट्यावर ठेवली. शुक्रवारी हेवा करणारे आम्ही दोघं होतो. आता मी एकटी होते. मला शमुवेलभाऊंचा राग आला. त्यांनी मला विचारायला हवं होतं, असं काहीसं वाटलं. मी स्वयंपाकघरात उभ्याने दोन केळी खाल्ली.

सोमवारी सकाळी डॉक्टरांचा फोन आला. रूथने तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. गाठ कर्करोगाची होती. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. शस्त्रक्रिया बुधवारी. रूथने विचारलं, जगतील ना? डॉक्टर म्हणाले, आजार वेळेत सापडला आहे, पण उघडल्याशिवाय मी शब्द देणार नाही. फोन बंद झाल्यावर रूथ जमिनीवर बसली. आता हिचा देवावरचा भरवसा सुटेल, अशी मी वाट पाहिली. शमुवेलभाऊ तिच्याशेजारी येऊन बसले. त्यांनी प्रार्थना केली. ती दोन वाक्यांची होती. पहिल्यात त्यांनी भीती वाटत असल्याचं सांगितलं, दुसऱ्यात घसा पुन्हा देवाच्या स्वाधीन केला. मग रूथ उठली आणि कुकर लावला.

त्या संध्याकाळच्या गाडीने मी निघाले. स्टेशनवर रूथ म्हणाली, "तू आलीस हे फार बरं झालं." मी म्हणाले, "मी काही केलं नाही." ती म्हणाली, "पेटी धरलीस." गाडीत खालचा बाक मिळाला होता. मी आडवी झाले. शेजारच्या बाकांवरचे प्रवासी एकामागून एक झोपले. मी जागी होते.

पुण्यात पोहोचल्यावर सहकाऱ्यांना लिहिलं: 'आधी दिलेली माहिती चुकीची होती. अहवाल वाईट आहे. शस्त्रक्रिया बुधवारी.' बहुतेकांनी विचारलं, मग उपकारस्तुती कशाची झाली?

बुधवारी दुपारी रूथचा फोन आला. शस्त्रक्रिया झाली होती. स्वरयंत्र काढलं होतं. गाठ पूर्ण निघाली, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शमुवेल शुद्धीवर आले होते आणि त्यांनी तिला ओळखलं होतं. "मी रडले," ती म्हणाली. "भिंतीला टेकून खूप रडले. मग झोपले."

मी फोन ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा लावला आणि म्हणाले, माझ्यासाठी प्रार्थना कर. काय मागू, असं तिने विचारलं. मी म्हणाले, मला ठरवता येत नाही, तूच ठरव. "थांब, आत्ताच करते," ती म्हणाली. रुग्णालयातल्या लोकांचे आवाज मागे येत होते. तिने सुरुवात केली तेव्हा मी खिडकीपाशी उभी होते. ती थांबली तेव्हा मी खाली बसलेली होते.